घर नसलेला ठिपका

समडोळीत चंदनबाला मगदूमला लोक ओळखायचे ते एक्स-रेवाली म्हणून. लग्नानंतर ती मिरजेच्या एका इस्पितळात लागली आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिली. अर्ध्या गावाच्या छात्या, गुडघे आणि कमरा तिनं पाहिल्या होत्या. रस्त्यात कुणी भेटलं की मुद्दाम विचारायचं, "काकू, श्वास धरू का सोडू?" तीही चेहरा न हलवता सांगायची, "धर, मी सांगेपर्यंत."

डॉक्टर फोटोत आजार शोधायचे. चंदनबालाला त्याच्या अगोदरचा प्रश्न पडायचा. हे जे दिसतंय, ते खरंच माणसाच्या आत आहे का? गळ्यातला ताईत फोटोत येतो, पोलक्याचा हूक येतो, पेशंट हलला तर बरगडीला सावली येते. एकदा एका बाईच्या फुप्फुसात बारीक ठिपका दिसला. तिच्यामागून आलेल्या म्हाताऱ्याच्या फुप्फुसातही नेमका त्याच जागी तसलाच ठिपका आला. तेव्हा चंदनबालानं दोघांना बाकावर बसवलं, फिल्म ठेवायची कॅसेट उघडून आतला धुळीचा कण पुसला आणि दोघांचे फोटो परत काढले. ही गोष्ट तिनं कुणाला फुशारकीनं सांगितली नाही, पण विसरलीही नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र तिची पंचाईत झाली. नवरा आदगोंडा सकाळीच उसाच्या नाहीतर हळदीच्या रानात जायचा. लेक प्रीती सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची, तिचा संसार तिकडंच. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात दर्शन, मग स्वयंपाक, आणि त्यानंतरची दुपार काही केल्या सरायची नाही. मालिका तिला बघवायच्या नाहीत. "सगळ्यांना शेवट आधीच ठाऊक असतोय," असं तिचं म्हणणं.

एका रविवारी प्रीतीच्या कॉलेजात व्याख्यान होतं. सोनिया कोकरे नावाची तरुण संशोधक पुण्याहून येणार होती. माणसं कमी पडू नयेत म्हणून प्रीतीनं आईला आणि आईच्या दोन मैत्रिणींना आणून बसवलं. मैत्रिणी लगेच पेंगल्या. चंदनबालाही पहिली दहा मिनिटं पदराशी चाळा करत होती. मग सोनियानं पडद्यावर तीन चौकोन दाखवले आणि ती सरळ होऊन बसली.

पहिल्या चौकोनात काल रात्रीचं आकाश होतं. दुसऱ्यात त्याच जागेचं जुनं आकाश. तिसऱ्यात पहिल्यातून दुसरं वजा केल्यावर जे उरलं ते. सोनिया सांगत होती, "जगात काही दुर्बिणी एकाच ताऱ्याकडं बघत बसत नाहीत. त्या सगळं आकाश पट्ट्यापट्ट्यानं टिपत जातात, दोन-तीन रात्रींनी परत तेच. याला आकाश सर्वेक्षण म्हणतात. जुनं वजा केलं की नवीन तेवढं शिल्लक राहतं. पण शिल्लक राहिलेल्यातलं बहुतेक खोटं असतं. यंत्र चाळतं, तरी खूप उरतं. म्हणून आम्हाला माणसांचे डोळे लागतात. तुमच्यापैकी कुणालाही घरी बसून हे करता येईल."

व्याख्यान संपल्यावर पोरं फोटो काढायला सोनियाभोवती जमली. त्यांच्यामागं चंदनबाला थांबून राहिली आणि पाळी आल्यावर म्हणाली, "दोन फोटो एकमेकांवर नीट बसले नाहीत, तर ठिपक्याच्या एका कडेला पांढरं आन् दुसऱ्या कडेला काळं दिसत असेल की."

सोनिया तोवर अगदी व्याख्यानाच्या भाषेत बोलत होती. ती एकदम माणदेशी झाली. "व्हय काकू, लय दिसतं! तुमी काय करता?"

"एक्स-रे काढत होते."

"मग तुमी आमच्याच."

सोनियाचं गाव म्हसवडच्या पलीकडं, साताऱ्याच्या कोरड्या पूर्व भागात. वडील बिराप्पा अजून मेंढरं राखतात. आश्रमशाळेतून ती पुण्याच्या संशोधन संस्थेपर्यंत पोहोचली होती. तिनं चंदनबालाला आपला नंबर दिला आणि काही अडलं तर खुशाल विचारा म्हणाली.

प्रीतीनं जुना लॅपटॉप आणून दिला. जेवणं झाली, भांडी घासली की चंदनबाला पडवीत बसायची. समोर तीन चौकोन यायचे. खालची दोन बटणं, खरा आणि खोटा. उपग्रहाची रेघ, तेजस्वी ताऱ्याची चकाकी, कॅमेऱ्यावर आदळलेला एखादा भरकटलेला कण, हे सगळं तिला पंधरा दिवसांत ओळखू यायला लागलं. खरे ठिपके कमी. त्यांतले बरेच सुपरनोव्हा, म्हणजे मरताना फुटलेले तारे. ते बहुधा एखाद्या दीर्घिकेच्या पांढुरक्या डागाला चिकटून दिसायचे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. तारा फुटायला आधी गाव हवं, एवढं तिनं मनाशी धरलं.

आणि मग तिनं एक घोटाळा केला. एके दुपारी मोकळ्या आकाशात झगझगीत ठिपका दिसला, जुन्या फोटोत त्याचा मागमूस नव्हता. ती हरखली. आदगोंडा रानातून येताच तिनं त्याला बोलावून दाखवलं. आदगोंडानं ते संध्याकाळी डेअरीवर सांगितलं. डेअरीवर एका दैनिकाचा वार्ताहर दूध घालायला यायचा. दोन दिवसांत फोटोसह बातमी: 'समडोळीच्या सुनेनं शोधला नवा तारा'. त्याच दुपारी सोनियाचा फोन आला.

"काकू, त्यो लघुग्रह हाय. मंगळाच्या पलीकडचा दगूड. दुसऱ्या रात्रीच्या फोटोत पुढं सरकलाय बघा."

चंदनबालानं दुसऱ्या रात्रीचा फोटो बघितलाच नव्हता. पेशंटचा जुना फोटो मागवल्याशिवाय कधी फिल्म पुढं न पाठवणारी ती बाई. गाव आठवडाभर हसलं. डेअरीवर आदगोंडाला विचारायचे, "अण्णा, तारा कुठवर चालत गेला?" तिला मात्र लोकांच्या हसण्यापेक्षा आपण घाई केली याचंच जास्त लागलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला, ऊसतोड संपत आली असताना, तो दुसरा ठिपका आला.

भूतप नावाच्या तारकासमूहात, अगदी मंद. यंत्रानं त्याला जवळपास खोट्यातच काढला होता. कारण सरळ होतं. आजूबाजूला दीर्घिका नव्हती. जुन्या चौकोनात त्या जागी नुसता काळोख. चंदनबालाचं बोट 'खोटा'वर गेलं आणि थांबलं. ठिपका गोल होता, कडा सारख्या होत्या, काळं-पांढरं काही नव्हतं. तिनं आधीच्या रात्रीचा फोटो काढला. तिथंही होता, जास्त मंद. त्याच्या आधीचा काढला. असावा असं वाटत होतं. जागा तीच, केसभरही हललेला नाही. म्हणजे दगड नव्हे.

तिनं 'खरा' दाबलं आणि खाली चर्चेच्या जागी लिहिलं: 'या ठिपक्याला घर नाही. तरी खरा वाटतो.' आणि या वेळी घरात एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सोनियाचं उत्तर आलं. आपल्याच दीर्घिकेतला एखादा छोटा तारा अधूनमधून भडकतो, तसं असेल. पण तसा भडका काही तासांत, फार तर थोड्या दिवसांत विझतो. थांबून बघू.

ठिपका विझला नाही. दर दोन-तीन रात्रींनी नवा फोटो यायचा आणि तो तसूभर उजळलेला असायचा. साधा सुपरनोव्हा दोन-तीन आठवड्यांत वर चढतो आणि उतरायला लागतो, हे चंदनबालाला आता ठाऊक होतं. हा मार्च उलटला तरी चढतच होता, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा. तिनं सोनियाला फोन केला.

"सोनिया, हा किती मोठा म्हणायचा गं?"

"तेच तर सांगता येत न्हाई, काकू. किती लांब हाय ते कळल्याबिगर किती मोठा ते कळत न्हाई. तुमच्याकडं ऊस घेऊन ट्रॅक्टर येतो ना अंधाराचा? एकच दिवा लागलेला असला तर काय कळतं? जवळची मोटारसायकल का लांबचा ट्रॅक्टर?"

"आवाजावरनं कळतं."

"ह्याला आवाज न्हाई. ह्याचा उजेड फोडून बघाय लागंल."

उजेड फोडायचा म्हणजे त्याचा वर्णपट घ्यायचा. प्रकाश रंगारंगात पसरवायचा आणि कुठला रंग कुठं कमी पडतोय ते पाहायचं. त्यावरून तो कशातून आला आणि किती लांबून आला, दोन्ही समजतं. त्यासाठी लडाखच्या पठारावरच्या मोठ्या दुर्बिणीचा वेळ हवा होता. तो मागणारे पुष्कळ. सोनियानं आपल्या वरिष्ठांना पटवलं, त्यांनी आणखी कुणाला तरी. एप्रिलच्या सुरुवातीची एक रात्र मिळाली.

त्या रात्री लडाखमध्ये बर्फ पडला.

चंदनबालाला हे सकाळी कळलं तेव्हा ती भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी काळी झाली तरी तिला वास आला नाही. आदगोंडा न्याहारीला बसला होता.

"चंदन, महिनाभर बघतोय मी. आमटीत मीठ न्हाई, भाकरी करपतीय, बस्तीत सुदिक तुजं ध्यान न्हाई. काय झालंय? दुखतंय का कुठं?"

"दुखत काही नाही."

"मग?"

तिनं लॅपटॉप आणून त्याच्यापुढं ठेवला आणि फेब्रुवारीपासूनचे फोटो एकामागोमाग एक दाखवले. आदगोंडा ताटात हात तसाच ठेवून बघत राहिला. शेवटच्या फोटोला म्हणाला, "ह्यो सरकत न्हाई."

"नाही."

"वाढतोय."

"हो. पण काय आहे ते ठरलेलं नाही. आवं, डेअरीवर एक अक्षर काढायचं नाही."

आदगोंडानं शब्द पाळला, पण त्याच्या पद्धतीनं. त्या संध्याकाळी डेअरीवर पाऊल ठेवताच त्यानं आपणहून जाहीर केलं, "मला कुणी काय विचारू नका." तोवर कुणाच्या मनातही काही नव्हतं. मग सगळेच विचारायला लागले. तो दुधाची कॅन ठेवून आल्या वाटेनं परतला आणि पुढचे बरेच दिवस त्यानं गड्याच्या हाती दूध पाठवलं.

एप्रिलच्या मध्याला दुसरी रात्र मिळाली. या वेळी आकाश मोकळं होतं. सकाळी चंदनबाला अंगणात पापड वाळत घालत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडून सोनिया इतक्या घाईनं बोलत होती की पहिली दोन वाक्यं कळलीच नाहीत.

"सावकाश बोल गं. श्वास घे."

"काकू, तुमाला चित्र धाडलंय. आधी ते बघा."

फोनवर एक वेडीवाकडी रेघ आली होती, डावीकडं उंच, उजवीकडं उतरत गेलेली. चंदनबालाला इ.सी.जी.ची आठवण झाली. डाव्या अंगाला रेघेत एकाशेजारी एक असे दोन खोल खड्डे होते.

"हे दोन खड्डे काय आहेत?"

"तेच! त्यो ऑक्सिजन हाय. लय तापलेला ऑक्सिजन. साध्या सुपरनोव्हात असं दिसत न्हाई. आणि हायड्रोजनचा पत्ताच न्हाई." सोनियाचा आवाज खाली आला. "हा अतितेजस्वी सुपरनोव्हा हाय, काकू. मोठा तारा फुटतो तवा जेवढा उजेड पडतो, त्याच्या पन्नासेक पट. हजारांत एखादा सापडतो."

"आणि लांब किती?"

"उजेड निघून तीनशे कोटी वर्षं झाली."

चंदनबाला पापडांच्या मधोमध तशीच उभी राहिली. तीनशे कोटी हा आकडा तिला धरता येईना. तिनं धरायचा प्रयत्न सोडला आणि तिला अडलेलं विचारलं, "मग त्याला घर का नाही?"

त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात मिळालं. सोनियानं गेल्या काही वर्षांतले त्या जागेचे सगळे जुने फोटो गोळा केले आणि एकावर एक रचून त्यांचा एक फोटो केला. एकट्या फोटोत जे दिसत नव्हतं ते बेरजेत उमटलं. ठिपक्याच्या जागी पुसट, वेडावाकडा डाग. बुटकी दीर्घिका, आपल्या दीर्घिकेच्या मानानं वाडी म्हणावी एवढी. असे अचाट स्फोट अशाच बारक्या दीर्घिकांत जास्त का सापडतात, हाही एक चालू प्रश्न आहे, असं सोनियानं सांगितलं. चंदनबालानं तो डाग मोठा करून, छोटा करून, स्क्रीन तिरकी करून पुष्कळ वेळ न्याहाळला. तिथल्या एकट्या ताऱ्यानं आपल्या उजेडानं सबंध गावाला झाकून टाकलं होतं, हे तिला खरं वाटायला वेळ लागला.

शोध कुणाच्या नावावर, हा विषय आदगोंडानं काढला. अधिकृत नोंदीत सर्वेक्षणाचं नाव होतं, कारण ठिपका टिपला त्यांच्या दुर्बिणीनं. शिवाय पोलंडमधल्या एका बसचालकानंही चंदनबालाच्या आदल्या दिवशी 'खरा' दाबलं होतं. त्यानं खाली काही लिहिलं नव्हतं, एवढंच.

"म्हंजी तुजं काय न्हाईच?" आदगोंडा नाराज झाला.

"आहे की. शोधनिबंधात आम्हा दोघांची नावं येणार आहेत. शेवटी, बारीक अक्षरात."

"बारीक का?"

"आवं, दुर्बीण त्यांची, उजेड फोडला सोनियानं. मी फक्त खोटा म्हटलं नाही."

वार्ताहर आलाच. या खेपेला तिनं त्याला पडवीत बसवून चहा दिला आणि सगळं समजावलं. नवा तारा नव्हे, मेलेला. मी एकटी नव्हे, पुष्कळ जण. त्यानं मान डोलावत ऐकलं आणि 'समडोळीच्या सुनेनं शोधला महातारा' असं छापलं. ती कपाळावर हात मारून हसली. गावानं या वेळी थट्टा केली नाही, आणि तिला ते थोडं चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

मे महिन्यात सोनियानं तिला घरी बोलावलं. आदगोंडा आणि ती एस.टी.नं म्हसवडला गेले, तिथून जीपनं माळावर. ऊस, हळद, पाट बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ते मोकळं रान आधी रिकामं वाटलं. घरापुढं लिंबाच्या सावलीत बिराप्पा घोंगडं टाकून बसला होता. सोनियाची आई हरणाबाई हिनं बाजरीच्या भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. पाहुणे कांदा-लसूण खात नाहीत म्हणून लेकीनं आधीच बजावलं होतं, त्यामुळं तिनं कालवण दोनदा केलं होतं, एक त्यांचं आणि एक घरचं.

जेवणं झाल्यावर बिराप्पानं चंदनबालालाच विचारलं, "बाई, पोरगी सांगती त्ये मला निम्मं कळतंय. तारा फुटला, ह्ये कळलं. पर बाकीचं तारं बी फुटत्यात की. मग ह्याचाच एवढा उजेड कशापायी?"

चंदनबालानं सोनियाकडं बघितलं. कारण तिलाही हेच विचारायचं होतं आणि फोनवर ते राहून गेलं होतं.

सोनियानं जमिनीवरचा एक खडा उचलला. "आबा, तारा फुटला तरी त्याचा गाभा मागं राहतो. एखाद्या शहराएवढा, पण वजनाला सूर्याहून जड. तो भिंगरीसारखा गरगरत असतो आणि त्याला चुंबकाची ताकद असती. आतनं तोच उजेडाला जोर देत असंल, असा एक अंदाज हाय."

"अंदाज?"

"व्हय. दुसरं म्हणत्यात की ताऱ्यानं मरायच्या आधी वायू बाहेर टाकला असंल, आणि स्फोट त्याच्यावर जाऊन आदळला असंल."

"तुजं काय म्हणनं?"

"मी अजून ठरवलं न्हाई."

बिराप्पानं मान हलवली. लेकीला काही येत नाही असं त्याला वाटलं नव्हतं. लांबच्या रानात पाऊस झाला का नाही हे न कळता मेंढरं घेऊन निघायची वेळ त्याच्यावर पुष्कळदा आली होती. "ठरंल तवा सांग," एवढंच तो म्हणाला आणि आदगोंडाला मेंढरं दाखवायला घेऊन गेला. दोघं बराच वेळ आले नाहीत. परतताना आदगोंडाच्या हातात काळं घोंगडं होतं.

मेच्या अखेरीपर्यंत ठिपका उतरणीला लागला होता. जून गेला. चंदनबाला रोज दुसरे ठिपके चाळायची आणि शेवटी याच्याकडं एक चक्कर टाकायची, बरं नसलेल्या नातेवाइकाची चौकशी करावी तशी. हळूहळू मंदावत तो आता काही महिन्यांत दिसेनासा होणार, असं तिनं धरलं होतं.

जुलैमधल्या एका दुपारी बाहेर रिपरिप चालू होती, वीज दोनदा जाऊन आली होती. नवा फोटो उघडल्यावर तिला ठिपका जरा ठळक वाटला. तिनं चष्मा पुसला. मग वजाबाकी चुकली असेल म्हणून शेजारचे तारे तपासले. ते होते तसेच होते. मग तिनं दुसऱ्या एका सर्वेक्षणाचा, वेगळ्या दुर्बिणीचा फोटो शोधून काढला. धूळ असेल तर दोन्हीकडं एकाच जागी कशी असेल? तिथंही ठिपका वर चढलेला होता.

तिनं फोन लावला. सोनियानं पहिल्याच घंटीला उचलला.

"काकू, तुमी पण बघितलं?"

"परत वाढतोय गं."

"व्हय. मला वाटलं मलाच भास झाला."

"मेलेला तारा परत कसा उजळतो?"

पलीकडं कुणीतरी सोनियाला हाका मारत होतं, संस्थेतही पळापळ चालली असावी.

"वायूचं कवच असंल, स्फोट आता त्याच्यापर्यंत पोचला असंल. किंवा आतला गाभाच काही तरी करत असंल. खरं सांगू? मला म्हाईत न्हाई. लडाखला आत्ता ढग हायेत, म्हणून स्पेनच्या बेटावरच्या दुर्बिणीवाल्यांना विचारलंय. त्ये हो म्हणाले तर दोन दिवसांत उजेड फोडून मिळंल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर दुसऱ्या कुणाला तरी विचारीन."

फोन ठेवून चंदनबालानं दोन्ही दुर्बिणींचे फोटो शेजारी-शेजारी लावले. आदगोंडा भिजून घरी आला, पाय धुतले, आणि तिच्या पाठीमागं उभा राहून वाकून बघायला लागला.

"काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

"अजून काही सांगत नाही," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.